चौथं लेबल

“सगळ्या झाल्या?” ललिताआत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“झाल्या ग. अकराच्या अकरा.” कल्याणीने शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि वही मिटली.

आत्याचं वधूवर सूचक केंद्र म्हणजे वारज्याच्या या फ्लॅटची बाहेरची खोली, एक फोन आणि तीस वर्षांच्या अकरा वह्या. मोतीबिंदूमुळे आता तिला स्वतःचंच अक्षर लागेना, म्हणून सगळं नोट्सच्या अ‍ॅपमध्ये घालायचं भाचीने ठरवलं. अ‍ॅप फोटोतलं अक्षरसुद्धा वाचायचं, आणि आत्याचं अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत. तीन रविवार कल्याणी नुसती पानं उलटून फोटो काढत होती. वाचायला उसंत कुणाला? आत्या मात्र तिन्ही रविवार एका जागी ठरली नाही. घटकेत चहा टाक, घटकेत गॅलरीत जा, घटकेत येऊन कल्याणीच्या खांद्यावरून वाकून बघ.

भिंतीवर बाबुरावमामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोटो होता आणि त्याखाली आत्यानेच लिहिलेली पाटी : ‘होकार असो वा नकार, चोवीस तासांत कळवला जाईल. येथे कोणालाही टांगून ठेवले जात नाही.’

“आता गंमत बघ,” कल्याणी म्हणाली. “नाव टाकलं की माणूस हजर. सांग एखादं.”

“राहू दे. चहा घेतेस?”

“दोनदा झाला, आत्या.”

कल्याणीने स्वतःच एक नाव टाकलं. चेतन ओव्हाळ. पाच वर्षांपूर्वी हा मुलगा तिला बघायला आला होता आणि याच खोलीत दोघं दोन तास बोलत बसली होती. दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, नकार आला. त्यानंतर कल्याणीने एकही मुलगा बघितला नाही. आज निदान नकाराचं कारण तरी कळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

पडद्यावर दोन पानं आली.

पहिलं दहाव्या वहीतलं. ‘चेतन ओव्हाळ – कल्याणी. मुलाचा होकार. त्याच्या आईचे तीन फोन. कल्याणीला कळवलं नाही. तिकडे तिचा नकार सांगितला.’ आत्या वहीशी कधी खोटं बोलत नसे.

दुसरं पान अकराव्या वहीतलं, चार महिन्यांनंतरचं. ‘चेतन ओव्हाळ – तेजस्विनी, हडपसर. जुळलं.’ कपाटात ही दोन पानं एकमेकांना कधीच भेटली नसती.

कल्याणी उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिला राग आला, आणि रागाच्याही आधी लाज वाटली. पाच वर्षं ती आरशात स्वतःचं कमी काय आहे ते शोधत होती.

“आत्या, तू म्हणालीस नकार आला.”

कुणाचा, असं आत्याने विचारलं नाही. “तेव्हा हे अंथरुणाला खिळलेले,” ती म्हणाली. “यांची कूस बदलायला दोन माणसं लागायची. दुसरं माणूस तू होतीस.”

“आणि मामा गेल्यावर?”

“तोवर त्याचं जुळलं होतं.”

“जुळलं नव्हतं. तू जुळवलंस.”

आत्या खुर्चीत बसली. तीन रविवारांत पहिल्यांदाच नीट बसली.

पानांना लेबलं लावायची राहिली होती. कल्याणीने तीन करून ठेवली होती : होकार, नकार, जुळलं. काहीतरी हाताला हवं म्हणून तिने दहाव्या वहीतलं ते पान उघडलं.

“याला कुठलं लावू?”

आत्याने वाकून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, “चौथं काही नाही का ग त्यात?”

कल्याणीने चौथं केलं. ‘कळवलं नाही.’ ते पानाला लावलं आणि मग अकराही वह्यांतून तेच शब्द शोधले. समोर आकडा आला. आत्याला तो दिसेना.

“किती?” तिने विचारलं.

“एक.”

“बघ, तीस वर्षांत एकच,” आत्या पुटपुटली.

“हो,” कल्याणी म्हणाली. “मी.”