बाज्याचं वजन

"हळू बोल ताई. पोऱ्या झोपेल शे," बाज्याची आई रूपलीबाई म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी तिनं ओढली. आढ्याला टांगलेली झोळी कुरकुरत हलली.

कामिनीनं जीभ चावली. झोपलेलं लेकरू उठवून फोटो काढायचा म्हणजे अगदीच कसाईपणा. चपला दाराशी काढून ती आत आली आणि गोधडीवर टेकली. बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासत होती. शहाद्याहून इथवर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली होती ती या बाज्यासाठीच. उठेल की सावकाश.

कामिनी मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत डेटा इंजिनिअर होती. साधीसुधी नाही, सिनिअर. म्हणजे नेमकं काय, हे लोणखेड्यातल्या तिच्या आईलाही अजून कळलेलं नव्हतं. गावोगावच्या संस्थेच्या ताया दर महिन्याला पोरांना काट्यावर टांगत, वजन मोबाइलमध्ये भरत आणि ते हजारो आकडे कामिनीच्या कॉम्प्युटरवर येऊन आदळत. त्यातला घोळ निस्तरायचा, ही तिची नोकरी. आणि घोळ तरी किती! मायबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की पोरांचे रकाने रिकामे. रिकामे रकाने दिसले की पुण्याचे साहेब अंगावर येत. शेवटी वैतागून कामिनीनं एक प्रोग्राम लिहिला. वजन आलं नाही, तर मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधायचा आणि रकाना भरून टाकायचा. पोरगं परतलं की खरा आकडा येतोच. साहेब खूश, कामिनी निवांत.

त्या आकड्यांतच तिला बाज्या सापडला. पोर म्हटलं की ताप, जुलाब, दात येणं, कशानं ना कशानं वजनाची रेघ खाली येतेच. बाज्याची रेघ मात्र सरळ वर निघाली होती. गेल्या कित्येक महिन्यांत एकदासुद्धा डगमगली नव्हती. असं गुणी पोर जिल्ह्यात दुसरं नव्हतं. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर हाच झळकणार, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं होतं. फोटो आजच्या आज हवा होता.

गावातली संस्थेची ताई, कमलबाई, तिला झोपडीपर्यंत घेऊन आली होती. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही स्वतः भेटायला आल्या, बरं केलं मॅडम. ऑफिसातलं कोन येतं?" मग बाहेर बांधावरच बसून राहिली.

"तुन्हा आवाज मी लगेच वळखा," रूपलीबाई कामिनीकडे टक लावून म्हणाली. "तू फोन करस त्या दिन मी कामले जातच नही."

कामिनी खुलली. दर महिन्याला प्रत्येक आईच्या फोनवर पोराचं वजन सांगायचं, ही कल्पना तिचीच. परक्या बाईचं पुस्तकी मराठी कानावर पडलं की बाया फोन बंद करत. म्हणून कामिनीनं घरच्या अहिराणीत, स्वतःच्या आवाजात निरोप भरून ठेवला होता: 'माय, तुन्हा पोऱ्या मस्त वाढी ऱ्हायना.' पुढचा आकडा यंत्र आपोआप जोडे. चला, कष्ट वाया गेले नाहीत म्हणायचे!

झोळी हलत होती, पण पोर काही चुळबुळ करेना. कामिनीला आता दम निघेना. झोपेतला तर झोपेतला, फोटो तो फोटो. तिनं मोबाइल काढला, वाकली आणि झोळीचं फडकं हळूच बाजूला केलं.

आत ज्वारी होती.

निवडून पाखडलेली टपोरी ज्वारी, जुन्या विरलेल्या लुगड्यात घट्ट बांधलेली. गाठोड्यावर एक इवलंसं टोपडं चढवलं होतं.

"हात नको लावू. उठी जाई," रूपलीबाई कुजबुजली.

कामिनी उलट्या पावलांनी दाराबाहेर आली. "कमलबाई, पोरगं कुठंय?"

कमलबाई धडपडत उठली. "असं काय विचारता मॅडम? आषाढात गेला ना तो. तापानं. तुम्ही त्याच्यासाठीच आल्या ना?"

"मग कळवलं का नाही?"

"किती वेळा भरलं! मोबाइल म्हणे मयताच्या दाखल्याचा नंबर टाका. त्याशिवाय पुढं सरकेचना. यांच्याकडं कुठला आला दाखला? मग रकाना रिकामा सोडला. पोरगंच नाही, तर वजन काय भरू?"

दाखल्याची अट कामिनीनंच घातली होती, चुकून जिवंत पोराला कुणी मारू नये म्हणून. आणि रिकामा रकाना कोण भरत होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आषाढापासून बाज्याला तिनंच वाढवलं होतं. ना ताप, ना जुलाब.

आत झोळी पुन्हा कुरकुरली.

"तठे तुन्हाजोडे तो वाढस, तू सांगस तितली जवारी आठे टाकस मी," रूपलीबाई कौतुकानं सांगत होती. "गया महिनामा साडेनऊ किलो. उचलीसन देख ना, कसा भरेल शे."

सांगून टाकायला हवं, कामिनीला वाटलं. फोनमध्ये कुणी नाही, तुझा बाज्या कुठंच वाढत नाही, हे आत्ता नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात आपलाच आवाज हिला दहा किलो सांगेल. हिला हे आपण कुठल्या तोंडानं सांगायचं? तरी ती आत गेली, रूपलीबाईसमोर बसली आणि तिचा हात धरला.

"माय, मन्हं ऐक. बाज्या मन्हाजोडे..." 'माझ्याजवळ नाही' असं तिला म्हणायचं होतं.

रूपलीबाईचा पाय थांबला. तिनं दाराबाहेरच्या रिकाम्या जीपकडे पाहिलं, मग कामिनीकडे. धरलेला हात तिनं सोडवून घेतला.

"ताई, तू तं आठे उनी," ती म्हणाली. "मंग तठे त्यानाजोडे आते कोन शे?"