ज्याचा त्याचा धोंडा

मेढ्याच्या वरच्या खिंडीत एक रीत आहे. डोंगर चढताना वाटेवर एक धोंडा ठेवायचा आणि उतरताना तोच उचलायचा. त्याशिवाय खाली जाता येत नाही. ट्रेकला आलेल्या विश्वजितनं हसत हसत धोंड्यावर खडूनं आपलं नाव लिहिलं. दिवस कलता परतला, तर धोंडा गायब. शेजारी म्हातारा कोंडीबा बसलेला.

"मगाशी तूच की रं उचलून न्हेलास!"

विश्वजितनं घाबरून घरी फोन लावला. बायको म्हणाली, "यांचा फोन तुमच्याकडं कसा? ते तर घरी जेवायला बसलेत."

कोंडीबानं सरकून जागा केली. "बस हितं, गड्या. काळजी नगं. माझ्या जागी घरी गेलेला लय गुणाचा निघाला. चार लेकरं झाली त्याला."