सध्या नको

पडद्यावर शून्यं होती. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं.

प्रोग्रामर बाईंनी माउस खाली ओढला, आणखी खाली ओढला. नऊ दिवस मशीन नव्या पुलाचं गणित करत होतं. कुठल्या खांबावर किती ताण, कुठे तडा जाईल, सगळं मेमरीत साठत होतं. आज फक्त अहवाल काढायचा होता.

"साहेब, अहवालाच्या प्रोग्राममध्ये कुणी हात घातला?"

"मीच!" साहेबांनी छाती फुगवली. "पाहुण्यांना दाखवायचा व्हिडिओ अडखळत होता. तुमच्या गणिताने मेमरी अडवून ठेवलेली. एक ओळ टाकली. सिस्टीमला म्हटलं, ही मेमरी सध्या नको. सल्लाच तर आहे! तुम्ही नाही का तिला देत, हे ओळीने वाचणार, हे लवकर लागेल?"

"ते सल्ले सिस्टीम कधी ऐकते, कधी नाही ऐकत. हा मात्र लगेच ऐकते. नको म्हटलं की टाकून देते. परत मागितलं की कोरं पान हातात."

"बावीस वर्षं सल्ले देतोय, या ऑफिसात कुणी एक ऐकला नाही." साहेबांचा आवाज खरंच भरून आला. "मला काय ठाऊक, ही ऐकेल!"

तेवढ्यात पुलाचे कंत्राटदार आत आले. त्यांनी चष्मा चढवला आणि पडदा वाचला.

"ताण शून्य. तडे शून्य. अरे वा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी एकदा शून्यांकडे पाहिलं, एकदा कंत्राटदारांकडे. मग तेही टाळ्या वाजवू लागले.

"अहो, ही कोरी पानं आहेत. गणित पुन्हा लावावं लागेल. नऊ दिवस."

"परवा पुलावरून बस सुटणार," कंत्राटदार म्हणाले.

साहेबांनी शून्यांचा अहवाल छापून पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "तुमची एक सही, मॅडम. उगाच फाटे नका फोडू."

बाईंनी पेन उचललं. "करते. पण परवाच्या पहिल्या बसमध्ये तुम्ही दोघांनी बसायचं. शेजारी शेजारी."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"मला बस लागते हो," साहेब म्हणाले.

कंत्राटदार चष्मा पुसू लागले. "मला जुना पूलच जवळ पडतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मशीन पुन्हा पहिल्या खांबापासून सुरू केलं.