तपासणीचा मजकूर

संगणकाच्या पडद्यावर ठळक अक्षर ठळकच दिसतं का, एखाद्या अक्षराचा चौकोन तर होत नाही ना, हे ती दोघं दिवसभर एकमेकांच्या मजकुरात डोळ्यांत तेल घालून तपासत. एकदा धीर करून त्यानं तपासणीच्या मजकुरात लिहिलं, ‘माझ्याशी लग्न करशील?’ तिचा शेरा आला, ‘सगळं नीट दिसतंय. पास.’ तीन महिने रोज तोच प्रश्न आणि रोज तोच शेरा.

शेवटी तो खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी गेला. “अगं, मी लिहितो ते कधी वाचतेस तरी का?”

“अक्षरं बघू की वाचत बसू?” ती फणकारली. “आणि मोठा आलाय विचारणारा! माझं तू कधी वाचलंस?”

त्यानं तिचा जुना मजकूर उघडला. तिथं हाच प्रश्न होता, त्यानं पहिल्यांदा विचारण्याच्याही आठ दिवस आधीचा. खाली त्याचाच शेरा होता, ‘सगळं नीट दिसतंय. पास.’