दादाचा वाटा

हिवाळ्याच्या तोंडावर घोडा कापला, तेव्हा आईने दाउरेनदादाच्या वाट्याचं मांस फडक्यात बांधून बाल्कनीत टांगलं. घरच्यांना न विचारता लग्न करून दादा अल्माटीला गेला, तेव्हापासून बाबा त्याचं नावही घेत नव्हते. दूरच्या माणसाचा वाटा आमच्यात कुणी खात नाही. आता बर्फ वितळला, फडकं ठिबकायला लागलं, म्हणून आई-बाबांबरोबर दुकानात फ्रिज घ्यायला आलो. "वीज गेली तरी मांस टिकेल ना?" आईने दुकानदाराला पुन्हा विचारलं. "टिकेल, आपा!" तो वैतागला. आईने छोट्या फ्रिजवर हात ठेवला. "एका माणसाचा तर वाटा. हा बास." "म्हातारे, डोकं गोठलंय का तुझं?" बाबा दारातून खेकसले. आईचा चेहरा पडला. बाबांनी येऊन मोठ्या फ्रिजचा कप्पा ओढला, कोपरापर्यंत हात घालून पाहिला. "हा दे," ते पुटपुटले. "मग सुनेचा वाटा काय बाल्कनीत टांगायचा?"