फियानोबरोबर काय?

शेवटच्या पेल्यात काय आहे, ते सुनेत्राने केव्हाच ओळखलं होतं. फियानो. दक्षिण इटलीतली, कंपानियाच्या डोंगरातली पांढरी वाइन. घोडं पेंड खात होतं ते पुढच्या प्रश्नाशी.

"हिच्याबरोबर काय वाढाल?" जर्मन परीक्षक ब्रांट यांनी विचारलं.

फियानोवरच्या याच प्रश्नाने तिला दोनदा घरी पाठवलं होतं. दोन्ही वेळा तिने पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं : कालवं, कोळंबी, भाजलेला ऑक्टोपस. दुसऱ्या खेपेला ब्रांटनी शांतपणे विचारलं, "ऑक्टोपस कधी खाल्लाय तुम्ही?" सुनेत्राने जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. आयुष्यभर पाठांतरावर पहिला नंबर काढलेल्या बाईला इथे पाठांतरानेच दगा दिला. आजची तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची. पास झाली तर बॉनमधल्या ज्या इटालियन रेस्टॉरंटात ती सहा वर्षं बशा उचलत होती, तिथली वाइन निवडायचं काम तिचं. नाहीतर बशा होत्याच.

घरी तिच्या बाजूने नवरा होता, शिरीष. पण तो आईसमोर तोंड उघडत नसे. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सून दारूची परीक्षा देते, हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. सरावासाठी ओट्यावर झाकून ठेवलेल्या फियानोच्या पेल्याजवळून त्या पदर सावरून जात. परवा तर सणवार काही नसताना त्यांनी शिरीषला अळूची पानं आणायला थेट कोलोनला पिटाळलं. आज सकाळी सुनेत्रा त्यांच्या पाया पडली आणि दही-साखरेसाठी हात पुढे केला. सासूबाईंनी हातावर डबा ठेवला.

"अळूवड्या आहेत. घेऊन जा."

परीक्षेला निघालेल्या माणसाच्या हातावर साखरेचा कणसुद्धा नाही! तिला फार लागलं. ट्राममध्ये डोळे भरून आले. पण ती काही माघारी फिरली नाही.

आता तिने पुस्तक डोक्यातून हद्दपार केलं आणि पेला पुन्हा नाकाशी नेला. मध. हेझलनट. मागून किंचित धूर. हा वास पुस्तकातला नव्हता, घरातला होता. खरपूस भाजलेले तीळ! तिचा हात पिशवीत गेला.

"हे वाढेन." तिने डबा उघडून टेबलावर ठेवला.

"हे आमच्या यादीत नाही, फ्राऊ केळकर."

"यादीतलं मी खाल्लेलं नाही. हे खाल्लंय. आधी खाऊन बघा, मग खुशाल नापास करा."

ब्रांटनी एक वडी तोंडात टाकली आणि वर वाइनचा घोट घेतला. तळणीचा तेलकटपणा त्या घोटाने धुऊन निघाला. चिंच-गुळाची चव मात्र जिभेवर रेंगाळली. "गेनाऊ! अगदी बरोबर," ते पुटपुटले आणि त्यांनी दुसरी वडी उचलली. सही करताना तिसरी.

घरी येऊन सुनेत्राने रिकामा डबा ओट्यावर ठेवला. सकाळचा राग कुठल्या कुठे पळाला होता.

"पास झाले, आई! तुमच्या अळूवडीने तारलं. नशीबच म्हणायचं, नेमका तोच डबा जवळ होता."

"नशीब कसलं डोंबलाचं!" सासूबाईंनी डबा विसळायला घेतला. "चाळीस वर्षं नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करतेय मी. कशाला काय लागतं, ते मला नुसत्या वासावर कळतं. परवा तुझ्या त्या पेल्यावरचं झाकण काढून बघितलं होतं. नाहीतर परीक्षेला निघालेल्या सुनेला दही-साखर सोडून कोणी अळूवड्या देतं का?"