अंगठीतला दोरा

अंगठीला आतून हिरवा दोरा गुंडाळलेला होता. सोनाराने ती भिंगाखाली धरली. वेढे एकाला एक चिकटून बसले होते आणि शेवटी बारीक, पक्की गाठ होती. ही गाठ त्याच्या बायकोची नव्हती. ती दोन वेढे देऊन सोडून द्यायची.

"हे कोणी केलं?"

"मी," खेळाच्या बाई म्हणाल्या.

शाळेत मुलींना कवायत शिकवणाऱ्या या बाई दुकानाच्या मधोमध उभ्या होत्या. पायांत कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी नव्हती, पण असल्यासारखी वाटत होती. पोस्टात काम करणारी त्यांची मैत्रीण गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून धाप जिरवत होती. बायको काचेच्या कपाटावर कोपर टेकून उभी होती. एरवी ती दुकानात आली की थेट आत यायची.

बाईंनी सगळं सांगितलं. सकाळी टेकडी उतरताना अंगठी त्याच्या बायकोच्या बोटातून निसटून गवतात पडली. तिघी गुडघ्यांवर बसून शोधत होत्या. येणारेजाणारे विचारत होते, काय पडलं, तर पोस्टवालीने एकाला सांगितलं, हिची ढेरी पडलीय, सापडली तरी परत देऊ नका. यावर तिघी पुन्हा हसल्या. सापडल्यावर बाईंनी पिशवीतल्या सुईदोऱ्याने तात्पुरती सोय केली होती.

बायको हसून हसून डोळे पुसत होती. आपल्या एखाद्या बोलण्यावर ती इतकी कधी हसली होती, हे सोनाराला आठवेना.

"सैल झालीय हे मला सांगायचंस ना," तो म्हणाला.

"सांगितलं होतं की, दोनदा. तुम्ही म्हणालात, थांब जरा, परत भरशील."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच त्याला लागलं.

त्याने मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि तिचा हात हातात घेतला. बोटाचं हाड वर आलं होतं. एक कडी सैल झाली, पुढची बरोबर बसली. ती बरोबर बसलेली त्याने पाहिली आणि जुडगा बाजूला ठेवला.

तिचं चालणं सुरू झाल्यापासून तो रोज दुकान बंद करून येताना बेकरीतून केकचा तुकडा न्यायचा. तिच्या आवडीचा, वर क्रीम असलेला. पहिले काही दिवस तिने खाल्ला. मग एका संध्याकाळी ताटली हातात घेऊन तिने बाईंना फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. तेव्हापासून केक तोच खात होता. आणणं मात्र त्याने थांबवलं नव्हतं.

त्याने करवतीने अंगठी एका जागी कापली, चिमट्याने दोऱ्याचं अख्खं वेटोळं कापलेल्या टोकावरून सरकवून काढलं आणि समोरच्या कामाच्या पाटावर ठेवलं. मग पुन्हा करवत घेतली. अंगठी लहान करायला तुकडा कापताना तो मापाच्या रेषेपुढे थोडा गेला. कुणाला वाटलं असतं, हात चुकला. त्याचा हात अशा कामात चुकत नसे. टोकं जुळवून त्याने सांधा झाळला, अंगठी पाण्यात बुडवली, कानस मारली, पुसली आणि स्वतःच तिच्या बोटात घातली. पेरावर ती अडली. त्याने ती रेटून बसवली.

"घट्ट झाली हो," बायको श्वास ओढून म्हणाली.

"अशीच लागते. आता कुठे पडायची नाही."

खेळाच्या बाईंनी तिचा हात आपल्याकडे घेतला आणि अंगठी फिरवून पाहिली. फिरेना. मग त्यांनी सोनाराकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. तो कानस फडक्याने पुसू लागला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "महिन्याभरात सैल करू. उद्यापासून टेकडी दोनदा."

"वा," पोस्टवाली म्हणाली, "बोट हिचं आणि पाय माझे."

तिघी निघाल्या. दारातून बायको मागे वळली.

"अहो, तुमची फिरते का अजून?"

दोन्ही अंगठ्या लग्नाच्या वेळी त्यानेच घडवल्या होत्या. त्याच्या बोटावर दोन्ही बाजूंनी मांस चढून मधे सोन्याची नुसती रेघ राहिली होती. त्याने हात पाटाखाली घेतला.

"फिरते की."

"नसेल फिरत तर सकाळी चला. आम्ही खालून हाका मारतोच एकमेकींना." मग पोस्टवालीने बाहेरून काहीतरी म्हटलं आणि ती हसत निघून गेली.

काचेतून तिघी दिसेनाशा होईपर्यंत तो बसून राहिला. मग त्याने आपली अंगठी धरून पिळली. ती हलली नाही. तिच्याबरोबर बोटच फिरलं.

हिरवा दोरा पाटावर अजून तसाच गोल पडला होता. अडकलेली अंगठी काढायची असली की तो गिऱ्हाइकाच्या अंगठीखालून दोऱ्याचं टोक ओवायचा, पुढे पेरापर्यंत बोटाला दोरा आवळून गुंडाळायचा आणि मग टोक ओढत अंगठी वेढ्यांवरून बाहेर आणायचा. त्याने चिमटा घेतला. बाईंची गाठ सुटायला वेळ लागला. दोऱ्याचं टोक त्याने आपल्या अंगठीखालून कसंबसं ओवलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. एकाला एक चिकटून, बाईंनी घातले होते तसेच वेढे.

पेर यायच्या आतच दोरा संपला.